गुळाच्या वखारीतली अख्खी सकाळ

वैनी, तुम्ही गेल्यापासून या घरात कुणी कानडीतून रागावलेलं नाही. मराठीतून रागावणारे आम्ही आहोतच, पण त्याला धार नाही. तुमचं ते 'सुम्निर्री' आलं की मी गप्प बसायचो, थोरला भाऊ असून अण्णा गप्प बसायचा, दारातलं कुत्रंसुद्धा पाय पोटाशी घेऊन बसायचं. आता सगळे एकदम बोलतात आणि कोण कुणाचं ऐकत नाही. थोरली वहिनी गेली की घर सुनं होतं असं म्हणतात. आपल्याकडं उलटंच झालं, फार आवाज वाढला.

गुढीपाडव्यानंतर तुम्हाला माती देऊन आलो. त्या आठवड्यातच घरातल्यांनी ठरवून टाकलं की यंदा मे महिन्यातलं वखारीतलं गाणं होणार नाही. मला विचारलं नाही कुणी. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो? मी अडत दुकानावरचा माणूस, गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही, हे तुम्हीच चारचौघांत सांगत आलात. पण वैनी, यंदाची सकाळ तुम्ही शैलाला दिली होती. गडमुडशिंगीची शैला, पहाटे दूध डेअरीतलं काम आटोपून बसनं तुमच्याकडं शिकायला येणारी. दर वर्षी ती आशेनं बघायची आणि दर वर्षी तुम्ही 'अजून नाही' म्हणायचात. गेल्या दिवाळीत फराळाचं ताट तिच्या हातात देता देता तुम्ही म्हणालात, 'येत्या मेमध्ये तू.' ती ताट धरून तशीच उभी राहिली, चकली खाली पडली तरी तिला कळलं नाही.

आता तुम्ही नाही, आणि ती सकाळ तिला मिळायची की नाही, हे माझ्या गळ्यात येऊन पडलं होतं. त्याचं काय झालं ते तुम्हालाच लिहायला बसलो. भांडायला मला दुसरं आहे कोण?

तुम्ही हे गाणं सुरू केलंत तेव्हा अप्पा गादीवर बसत होते. गुळाचा हंगाम उलगडला की आपली वखार रिकामी व्हायला लागते. एप्रिलच्या शेवटाला मागच्या भिंतीलगतची एक थप्पी तेवढी राहते. दगडी भिंती, वर कौलं, मे महिन्यातही आत गेलं की अंगाला गार लागतं. तुम्ही लग्न होऊन आलात त्या वर्षीच म्हणे तुमच्या मनात ही जागा भरली होती, पण बोलायला दहा-बारा वर्षं घेतलीत. नव्वदच्या पुढं-मागं कधीतरी, जेवण वाढताना तुम्ही अप्पांना विचारलंत.

"गाणं? वखारीत?" अप्पा म्हणाले. "ऐकाय येणार कोण, मुंगळं?"

"येऊ देत की, मामंजी," तुम्ही म्हणालात. "मधेच उठून तर जात नाहीत."

अप्पांना ठसका लागला हसून. तुमचं काम झालं.

तुमच्या गाण्याचे नियम मला पहिल्या वर्षी विचित्र वाटले होते. बाहेरगावचा मोठा कलावंत बोलवायचा नाही. एका सकाळी एकच माणूस, आणि तो इथलाच. हार नाही, शाल नाही, पाहुण्यांची ओळख नाही. मी हौसेनं दुकानाच्या नावाचा फलक करून आणला होता, तो तुम्ही उलटा करून त्यावर उप्पिटाचं पातेलं ठेवलंत. मुरगूडच्या एक शिक्षिका पहिल्यांदा गायल्या. तुम्ही उभ्या राहिलात आणि म्हणालात, "या मुरगूडच्या. आता गातील." एवढंच आणि खाली बसलात. मी म्हटलं, अहो नाव तरी सांगा. तुम्ही म्हणालात, गाऊन झाल्यावर लोक स्वतःहून विचारतील. आणि विचारलं लोकांनी.

बैठकीच्या चटईभोवती मुंग्यांच्या खडूची जाड रेघ मारायचं काम माझ्याकडं होतं. गुळाची वखार ती, मुंगळ्यांना काय माहीत मालक कोण आणि गवई कोण. एकदा माझी रेघ एका ठिकाणी तुटली आणि तबलजींच्या धोतरात मुंगळा शिरला. ते बिचारे तोंडावरची रेषा न हलवता वाजवत राहिले, फक्त लय वाढली. बाहेर आल्यावर लोक म्हणाले, काय द्रुत झाली आज. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी चहाची किटली घेऊन सटकलो.

एकाला अख्खी सकाळ कशासाठी, हे तुम्ही मला फार उशिरा सांगितलंत. आदल्या संध्याकाळी वखार झाडून घेताना, तोंडाला पदर बांधून. तुम्ही एकोणीस-वीस वर्षांच्या असताना इथल्याच एका उन्हाळी महोत्सवात तुम्हाला गायला बोलावलं होतं. निपाणीहून वडिलांबरोबर आलात. स्थानिक कलाकार म्हणून सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं. लोक खुर्च्या शोधत होते, पोरं गोळ्या विकत होती, मंडपवाला दिवे चालू-बंद करून बघत होता. तुमचा आवाज आत्ता कुठं तापला आणि प्रमुख पाहुणे आले. विंगेतून कुणीतरी हातानं 'पुरे' म्हणून खूण केली. तुम्ही गाणं थांबवलंत तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. एक क्षणभर तुम्हाला वाटलं त्या तुमच्यासाठी आहेत.

"पाहुण्यासाठी होत्या, भावजी," तुम्ही म्हणालात आणि केरसुणी आपटलीत. "तेव्हाच ठरवलं. माझ्या हातात कधी काही आलं तर गावच्या माणसाला अख्खी सकाळ द्यायची. चांगला गाऊ दे नाहीतर वाईट. पण कुणी पुरे म्हणायचं नाही."

मी विचारलं, मग तुम्ही का नाही गात एक सकाळ? तुम्ही म्हणालात, माझं झालं. हे मात्र मला कधी पटलं नाही. कारण त्याच संध्याकाळी, दर वर्षीप्रमाणं, जागा बघायची म्हणून तुम्ही वखारीच्या मधोमध उभं राहून एक ओळ गायलात. आवाज भिंतीला लागून परत कसा येतो ते बघायला. मी आणि दारातले दोन हमाल, आम्ही हातातलं काम सोडून उभे. ओळ संपली, तुम्ही स्वतःलाच 'साकु', म्हणजे पुरे, म्हणालात आणि परत झाडायला लागलात. गाण्यातलं न कळणाऱ्या माणसाला तुमचं तेवढंच गाणं मिळालं, वर्षाला एक ओळ. ते मला पुरत नव्हतं, हे तुम्ही असताना बोललो नाही.

हमालांचं तर तुम्हाला आठवत असेलच. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी गुळाला तेजी आली आणि अप्पांनी आदल्या दिवशी मागची थप्पीसुद्धा विकून टाकली. आम्हाला वाटलं बरं झालं, माणसांना ऐसपैस जागा झाली. सकाळी गाणाऱ्यानं षड्ज लावला आणि तो चारी भिंतींवरून फिरून परत त्याच्याच अंगावर आला. दुसरा स्वर पहिल्यात मिसळला, तिसऱ्याला जागाच राहिली नाही. तेव्हा आम्हाला कळलं की आधी तो गूळ आवाज पीत होता. गाणाऱ्याचं तोंड रडवेलं झालं. तुम्ही उठलात, माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "थप्पीच्या जागी माणसं भरा. कसलीही."

मी धावत कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गेलो. आपला मुकादम दुंडाप्पा आणि त्याची माणसं बसलेली.

"चला वखारीत," मी म्हटलं.

"काय उचलायचं?"

"काय न्हाई. नुसतं बसायचं."

दुंडाप्पानं माझ्याकडं संशयानं बघितलं. "नुसतं बसायचं पैसं देनार व्हय शेठ?"

"पैसं न्हाईत. उप्पीट हाय."

पंचवीस-तीस माणसं भिंतीला पाठ लावून दाटीवाटीनं बसली आणि आवाज जागच्या जागी बसला. गाणाऱ्याच्या जिवात जीव आला. मधल्या चहाला दुंडाप्पानं मला बाजूला घेऊन विचारलं, "म्हंजे आमी गुळाच्या जागी बसलोय की." मी म्हटलं, व्हय. त्याला ते फार आवडलं. पुढच्या वर्षी तो आठवडाभर आधी दुकानात आला आणि म्हणाला, "यंदा थप्पी हाय का आमी येऊ?" थप्पी होती. तरी ते आले, बायकापोरांना घेऊन आले, आणि मग दर वर्षीच यायला लागले. त्यातल्या काहींना झोप लागायची. तुम्ही म्हणायचात, झोपू देत, गाण्यात झोप लागणं काही वाईट नाही. मला डुलकी लागली की मात्र चिमटा काढायचात. हा कुठला न्याय?

तुमच्या माझ्या दोन भांडणांचा निकाल लागायचा राहिलाच. एक हॉलचं. पुढं शहरातल्या महोत्सववाल्यांचं बोलावणं आलं, आमच्यात सामील व्हा म्हणून. मी हुरळून गेलो होतो. खुर्च्या, पंखे, पेपरात नाव. तुम्ही त्यांना चहा दिलात, नको म्हणालात आणि दारापर्यंत पोचवून आलात. मी पंधरा दिवस तुमच्याशी धड बोललो नाही. आता कबूल करतो की तुमचं बरोबर होतं. पण दुसरं भांडण, माईकचं, त्यात माझंच बरोबर आहे. मागं बसलेल्या म्हाताऱ्या बायकांना शब्द कळत नाहीत. तुम्ही म्हणायचात, पुढं या म्हणावं. पुढं जागा कुठं होती? तुम्ही गेलात म्हणून मी हे सोडणार नाही.

दर वर्षी सगळे गेल्यावर, चटया गोळा करताना तुम्ही विचारायचात, "कसं झालं, भावजी?" मी म्हणायचो, "माल चांगला होता." तुम्ही हसायचात. हळूहळू मला कळायला लागलं होतं, वैनी. सगळं नाही. पण कुठं थांबलं की जीव खालीवर होतो आणि कुठं आलं की बरं वाटतं, एवढं कळायला लागलं होतं. ते तुमच्यामुळं. नाहीतर मी जन्मभर गुळाच्या ढेपेचा रंग बघत बसलो असतो.

तुमची एकच तक्रार होती आणि तीही तुम्ही एकदाच बोललात. अण्णा कधी वखारीत येऊन बसला नाही. सगळी व्यवस्था करायचा, दूध-रवा-शेंगदाणे काही कमी पडू द्यायचा नाही, पण गाण्याच्या वेळी दुकानात गादीवर जाऊन बसायचा. बंद दुकानात. "त्यांना आवडत नाही, म्हणून ते येत नाहीत. आडवं येत नाहीत हे काय थोडं आहे?" असं म्हणालात. पण म्हणताना तुम्ही भाजी निवडत होता आणि निवडलेली परत निवडत होता.

अप्पा गेले त्या वर्षी मात्र तुम्ही स्वतःच गाणं बंद ठेवलंत. ती सकाळ बावड्याच्या एका निवृत्त तलाठ्यांची होती. वय झालेलं, पण आवाज खणखणीत. तुम्ही त्यांना सांगून पाठवलंत, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षापर्यंत त्यांना अर्धांगाचा झटका आला. तुम्ही भेटायला गेलात तेव्हा मी बरोबर होतो. ते काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होते, तुम्ही त्यांचा हात धरून बसलात. घरी येताना रिक्षात तुम्ही मला म्हणालात, "मामंजींना काय फरक पडला असता, भावजी? त्यांना गाणं चाललं असतं. मी लोकांना भ्याले." मग तोंड बाहेर फिरवलंत, ते रंकाळा आला तरी तसंच होतं.

हेच मी अण्णाला सांगायला गेलो. तो म्हणाला, अप्पांच्या वेळी तिनं बंद ठेवलं, मग तिच्या वेळी आपण कसं करायचं? लोक काय म्हणतील? मी तलाठ्यांची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकून घेतलं. दोन दिवसांनी तोच माझ्याकडं आला आणि म्हणाला, करू या. पण चांगलं करू या. हॉल घेऊ. तुमचा मोठा फोटो लावू, हार घालू, चार लोक तुमच्याबद्दल बोलतील. पुण्याहून मोठा गवई आणू. "तिच्यासाठी कधी काय केलं न्हाई आपण," अण्णा म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"आनि शैला?" मी विचारलं.

"गाऊ दे की. सुरवातीला पंधरा-वीस मिन्टं."

वैनी, तुम्हाला मिळाली होती तीच पंधरा-वीस मिनिटं. पण इतक्या दिवसांनी अण्णा तुमच्याबद्दल काहीतरी बोलत होता, त्याला मधेच तोडायला जीभ रेटेना. मी डेअरीवर जाऊन शैलाला निरोप सांगितला. मला वाटलं, ती नाही म्हणेल, चिडेल, मग मलाही बोलायला जोर येईल. ती कॅन धूत होती. हात पुसले, ऐकलं.

"गाते की," ती म्हणाली. "वैनींसाठी पाच मिन्टं द्या, पाच मिन्टं गाईन."

"आख्खी सकाळ तुझी हुती गं."

"व्हय. पन वैनीच न्हाईत तर कुणाला मागू?" ती परत कॅन धुवायला लागली. पाणी नुसतं वाहत होतं, तिचा हात चालत नव्हता.

तसाच दुकानात आलो. अण्णा एकटा गादीवर होता. मी म्हटलं, शैला तयार आहे. मग म्हटलं, पण तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. वैनींनी हे सगळं कशावरनं सुरू केलं ते ऐक. आणि मी ती महोत्सवाची गोष्ट सांगायला लागलो. खुर्च्या, दिवे, पाहुणे, विंगेतली खूण. अर्ध्यात आलो असेन.

"मला सांगतोस व्हय," अण्णा म्हणाला. "मी हुतो की तितं."

मी गादीच्या कडेला टेकलो.

"अप्पांचं एक गिऱ्हाईक आलतं बाहेरगावचं. त्याला मोठा गवई ऐकायचा हुता, म्हणून घिऊन गेलतो. मला झोप याला लागलीती. ही बसली गायाला. मग त्यो पावणा आला, समदी उठून हुबी ऱ्हायली. हिला बंद कर म्हटलं. हिनं बंद केलं. पन उठली न्हाई. दोघंतिघं येऊन सांगून गेली, बाई उठा. ही तानपुरा धरून तशीच बसलेली. गात न्हाई आनि उठत बी न्हाई. शेवटी बाप येऊन हाताला धरून घिऊन गेला. मी तवा तेवीसचा आसंन."

"मग?"

"मग काय. निपाणीला मावशी हुती न्हवं आपली. तिला गाठून हिचं स्थळ आनाय लावलं. अप्पांस्नी वाटलं मावशीनं आनलं. हिला बी तसंच वाटलं."

"आनि तू कधी सांगितलं न्हाईस?"

"हिला काय सांगायचं? तुला त्या दिवशी उठवली ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणून?" तो भिंतीला टेकून बसला. "वखारीत बसाय आलो आसतो, तर कुनीतरी गाताना मला तीच दिसली आसती. म्हणून हितं बसायचो. हितनं बी ऐकू येतंय बऱ्यापैकी."

बंद दुकानात हा माणूस इतकी वर्षं काय करत होता, ते तेव्हा कळलं. वखारीची आणि दुकानाची भिंत एकच आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. डोक्यात मात्र कधी आलं नाही.

मग तोच म्हणाला, "शैलाला जाऊन सांग. हॉल न्हाई, फोटो न्हाई, पुण्याचा कोन न्हाई. वखारीत आख्खी सकाळ तिची. आनि ती आपनहून उठंस्तवर तिला कुनी उठवायचं न्हाई."

मी चपला घालत होतो तेवढ्यात त्यानं मागून विचारलं, "मी बसू कुठं?"

तुम्ही असता तर त्याला सगळ्यांच्या पुढं, गाणाऱ्याच्या समोर बसवलं असतंत, हे मला माहीत आहे. मी म्हटलं, मागं बस, दुंडाप्पाच्या माणसांत. तिथं तुझं तोंड कुणाला दिसायचं नाही. तो बरं म्हणाला.